चिनी मातीचं खापर वाचायला शिकताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एकदा ओहोटीच्या वेळी वाळूत निळं-पांढरं काहीतरी चमकलं. वाकून पाहिलं तर बशीचा तुकडा होता, त्यावर निळ्या रंगात अर्धा पूल आणि झाडाची एक फांदी. चौल-रेवदंडा म्हणजे जुनं, नावाजलेलं बंदर. माझी खात्रीच पटली की हा मिंग काळातला (चीनचं राजघराणं, १३६८ ते १६४४) तुकडा. फोटो काढला, तुकडा तिथेच ठेवला, आणि पुढची दोन वर्षं तो फोटो मी ‘मिंग’ म्हणून लोकांना दाखवत राहिलो.

शेवटी पुरातत्त्वाच्या एका अभ्यासक बाईंनी तो फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. निळा रंग कुंचल्याचा नव्हताच. बारीक ठिपके आणि रेघा होत्या, जुन्या वर्तमानपत्रातल्या चित्रात दिसतात तशा. एका कडेला नक्षी नीट जुळली नव्हती, कागद जोडल्यासारखी. तो १९व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या छापील बशीचा तुकडा होता. चिनी देखावा इंग्रज कारखानदाराने उचलला, छापला आणि जहाजात भरून इकडे पाठवला.

वाईट वाटलं. पण विषय मला कळायला लागला तो त्याच दिवशी. भांडं कुठे घडलं एवढंच मी विचारत होतो. ते कोणासाठी घडलं, हे विचारायला लागल्यावर खापरं बोलायला लागतात. चीन, आग्नेय आशिया, आपला किनारा, इराणचं आखात आणि पुढे युरोप यांच्यात हजारएक वर्षं जी देवाणघेवाण चालली, ती या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सापडते. माझी दोन वर्षं गेली तशी तुमची जाऊ नयेत म्हणून हे पायरीपायरीने लिहितो आहे.

सोबत काय लागेल

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळ दुरुस्त करणारे आणि सराफ वापरतात तसलं, स्वस्तातलं चालेल.
- लहान टॉर्च, पंधरा सेंटिमीटरची पट्टी, वही आणि पेन्सिल. संग्रहालयात पेनाला बऱ्याचदा मनाई असते.
- ओळखपत्र. संग्रहालयाच्या राखीव संग्रहातली वस्तू जवळून पाहायची असेल तर आधी अर्ज द्यावा लागतो. अर्जात कोणती वस्तू (नोंदणी क्रमांकासकट), कशासाठी आणि किती वेळ हे स्पष्ट लिहा. विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखांचं पत्र जोडा. ‘चिनी भांडी पाहायची आहेत’ एवढ्यावर कोणी कपाट उघडत नाही.
- घरातले तीन फुटके तुकडे. ते कशाला, ते लगेच सांगतो.

१. आधी घरातल्या तीन तुकड्यांवर हात बसवा

एक तुकडा लाल मातीच्या कुंडीचा घ्या, दुसरा लोणच्याच्या जुन्या बरणीचा आणि तिसरा पातळ पोर्सलीनच्या कपाचा. तिन्हींची फुटलेली कड वर करून ठेवा आणि कडेवर पाण्याचा एकेक थेंब सोडा.

कुंडी थेंब पिऊन टाकते. बरणीच्या कडेवर थेंब तसाच बसून राहतो. कपावरही तो बसतो, पण कपाच्या मागे टॉर्च धरलीत तर उजेड आरपार येतो. बोटाची सावलीसुद्धा दिसते. बास, मातीच्या भांड्यांची तीन मोठी कुळं तुमच्या हाताखालून गेली: भाजलेली माती, स्टोनवेअर आणि पोर्सलीन. कुंडी साधारण ९०० ते १००० अंशांवर भाजते, बरणी १२०० च्या आसपास आणि पोर्सलीन १३०० च्या आसपास. उष्णता वाढेल तशी माती आतून काचेसारखी घट्ट होत जाते. पोर्सलीनला लागणारी पांढरी माती म्हणजे केओलिन. हे नाव चीनमधल्या जिंगदेझेन गावाजवळच्या गाओलिंग या जागेवरून आलं आहे.

इतकी उष्णता सांभाळणाऱ्या भट्ट्या चीनकडे बाकीच्यांच्या कितीतरी आधी होत्या. डोंगराच्या उतारावर सापासारख्या लांब बांधलेल्या ‘ड्रॅगन भट्ट्यां’मध्ये एका वेळी हजारो भांडी निघत. पण ती जगभर गेली ती समुद्रामुळे. उंटाच्या पाठीवर हे जड, ठिसूळ सामान परवडत नाही. जहाजाला मात्र असंच सामान हवं असतं. तळाशी वजन राहतं, जहाज कमी डोलतं आणि खारं पाणी शिरलं तरी माल नासत नाही. रेशीम आणि चहा समुद्रात विरघळून गेले, वाट्या टिकल्या. म्हणून या व्यापाराचा इतिहास आपण आज खापरांवरून वाचतो.

इथली फसगत: आपण मराठीत सगळ्यालाच ‘चिनी माती’ म्हणतो. वर पिवळी-तपकिरी, खाली पांढरी अशी जी बरणी आजीच्या फळीवर असायची, ती बहुधा आपल्याकडच्याच कारखान्यात झालेली असते. तिचा चीनशी संबंध नावापुरता.

२. भांडं उलटं करा

नवखा माणूस नक्षी बघतो, जाणकार बूड बघतो. नक्षीची नक्कल करता येते. बुडाकडे मात्र घडवणाऱ्याचं लक्ष नसतं, त्यामुळे त्याच्या हाताची सवय तिथे जशीच्या तशी उरते.

बुडाच्या कड्यावर झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसते, आतली माती उघडी असते. तिचा रंग पाहा. लोंगच्युआनच्या (ही आणि पुढची झांगझोउ या चिनी भट्ट्या, तिसऱ्या पायरीत भेटतील) हिरव्या थाळ्यांवर हे उघडं कडं भाजून विटकरी-नारिंगी झालेलं दिसतं. कड्याला खरखरीत वाळू चिकटली असेल तर झांगझोउची आठवण ठेवा. भांडं चिकटू नये म्हणून तिथे भट्टीत खाली वाळू पसरत आणि नंतर ती घासून काढायची तसदी घेत नसत. वाटीच्या आत मधोमध झिलई खरवडून काढलेलं वर्तुळ दिसलं तर ती स्वस्त, घाऊक मालातली. एकावर एक वाट्या रचून भाजायच्या म्हणून ती जागा मोकळी ठेवलेली असते.

काचेमागची वस्तू उलटी करता येत नाही हे खरं. पण पुष्कळ संग्रहालयांच्या ऑनलाइन सूचीत बुडाचाही फोटो असतो. घरून तो पाहून जा आणि मग काचेसमोर उभे राहा.

या पायरीवरचा सगळ्यात मोठा सापळा म्हणजे बुडावरची सहा चिनी अक्षरं. त्यात घराण्याचं आणि बादशहाच्या कारकिर्दीचं नाव असतं, आणि आपल्याला वाटतं की तारीखच मिळाली. कांगशी बादशहाच्या काळात (१६६२ ते १७२२) आधीच्या चेंगह्वा बादशहाच्या (१४६५ ते १४८७) नावाची अक्षरं सर्रास लिहिली गेली. त्यात फसवणूक असायचीच असं नाही, पूर्वीच्या उत्तम कामाला दिलेला तो मानही असे. पुढच्या शतकांतही हे चालूच राहिलं. मुंबईत एका दुकानदाराने मला अशी अक्षरं दाखवून एक थाळी ‘पाचशे वर्षांची’ म्हणून विकली. घरी येऊन भिंग लावलं. कडं यंत्राने घासल्यासारखं गुळगुळीत आणि इतक्या वर्षांत बुडाला एक ओरखडा नाही. अक्षरं सगळ्यात शेवटी वाचायची, हे मी त्या पैशांत शिकलो.

३. सहा भट्ट्यांची तोंडओळख करून घ्या

चीनमध्ये भट्ट्या शेकड्यांनी होत्या. सुरुवातीला सहा पुरेत.

चांगशा, हुनान प्रांत. ९व्या शतकातला निर्यातीचा माल. पिवळसर झिलईखाली तपकिरी आणि हिरव्या रंगात भराभर ओढलेली चित्रं: पक्षी, मासे, फुलं, ढग. वाटीच्या काठावर चार ठिकाणी तपकिरी डाग असतात, कारण काठ चार बाजूंनी रंगात बुडवून काढलेला असतो. मध्ये आपोआप चौकोनासारखी जागा उरते आणि चित्र त्या जागेत येतं.

युए आणि लोंगच्युआन, दोन्ही झेजियांग प्रांतातल्या. हिरवी झिलई, म्हणजे सेलाडॉन. युए आधीची, लोंगच्युआनचा बहर साधारण १२व्या ते १५व्या शतकातला. हा हिरवा रंग लोखंडाचा आहे. भट्टीत हवा कमी पडली की झिलईतलं लोखंड हिरवं होतं, भरपूर मिळाली की पिवळं-तपकिरी. म्हणजे एकच झिलई भट्टीवाल्याच्या अंदाजावर रंग बदलते. अन्नात विष असेल तर असं भांडं तडकतं, अशी समजूत भारतात आणि पश्चिम आशियात राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यांत होती. ती खोटी आहे, पण या थाळ्या इतक्या जपल्या का गेल्या ते तिच्यामुळे कळतं.

देह्वा, फुजियान प्रांत. दुधासारखं पांढरं काम. च्युआनझोउ हे मोठं बंदर जवळ.

जिंगदेझेन, जियांगशी प्रांत. १४व्या शतकापासून निळ्या-पांढऱ्याची राजधानी. हिच्याबद्दल पाचव्या पायरीत सविस्तर.

झांगझोउ, पुन्हा फुजियान. मिंग दरबाराने खाजगी सागरी व्यापारावर घातलेली बंदी १५६७ मध्ये युएगांग बंदरापुरती सैल झाली आणि इथल्या जाड, वाळू चिकटलेल्या, घाईत रंगवलेल्या थाळ्या जहाजांत भरभरून जायला लागल्या. जाणकार त्यांना ओबडधोबड म्हणतात. मला त्या फार आवडतात, कारण चित्रकाराचा हात किती वेगात चालत होता ते प्रत्येक रेघेत दिसतं.

४. एकच जहाज घ्या, पण पूर्ण घ्या

दहा पुस्तकं चाळण्यापेक्षा एका बुडालेल्या जहाजाचा माल नीट अभ्यासा. जमिनीत शतकांचे थर एकमेकांत मिसळतात. जहाज मात्र एका दिवशी बुडतं, त्यामुळे त्यातलं सगळं एकाच फेरीतलं असतं. माझी शिफारस बेलितुंगची.

इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये समुद्रकाकड्या काढायला बुड्या मारणाऱ्या कोळ्यांना हे जहाज सापडलं. आत सुमारे ६०,००० भांडी होती, बहुतेक सगळ्या चांगशाच्या वाट्या. वाट्या मोठ्या हिरव्या रांजणांत एकात एक बसवून, गोल फिरत रचल्या होत्या. अशा रांजणांतल्या पुष्कळ वाट्या अकराशे वर्षांनंतर झिलईच्या चकाकीसकट बाहेर निघाल्या. एका वाटीवर भाजण्याआधी कोरलेली तारीख आहे: बाओली कारकिर्दीचं दुसरं वर्ष, सातवा महिना, सोळावा दिवस. म्हणजे इ.स. ८२६. आपल्याकडे तेव्हा राष्ट्रकूटांचा अमोघवर्ष गादीवर होता.

माल चिनी, पण जहाज चिनी बांधणीचं नव्हतं. फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोरीने शिवलेल्या होत्या, म्हणजे अरबी समुद्राकडची पद्धत. तसंच जहाज ओमानमध्ये पुन्हा बांधलं गेलं, काथ्याने शिवलेलं, आणि २०१० मध्ये ते कोचीमार्गे सिंगापूरपर्यंत गेलंही.

आता त्या वाट्यांकडे पाहा. काहींवर कमळ, काहींवर चिनी कविता, काहींवर अरबी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या रेघा. अरबी न येणाऱ्या माणसाने अरबी गिऱ्हाइकासाठी काढलेल्या. हुनानमधल्या त्या कारागिराने समुद्र कधी पाहिला असेल का, कोण जाणे. पण माल कुठे जाणार आणि तिथे काय आवडतं, ही खबर बंदरातून नदीवाटे त्याच्या भट्टीपर्यंत पोचत होती. याच जहाजात हेनान प्रांतातल्या गोंगशियानच्या निळ्या-पांढऱ्या तीन अख्ख्या थाळ्या मिळाल्या. अख्ख्या सापडलेल्यांत या सगळ्यात जुन्या. त्यांच्यावरचा चौकटीसारखा पानाफुलांचा आकार पश्चिम आशियाच्या वळणाचा आहे.

हा संग्रह सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये आहे. सिंगापूरला राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक रविवार तिकडे द्यावाच. इथून जाणाऱ्यांनी विमानतळावरच्या बागेतला तासभर कमी करावा आणि या संग्रहालयाला द्यावा. वाट्यांची भिंत बघून लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही एका वाटीसमोर थांबा आणि ती वहीत काढा.

एक गोष्ट जाणून असा. या जहाजाचं उत्खनन एका व्यावसायिक कंपनीने केलं होतं. पुरातत्त्वाच्या पद्धतीने, सावकाश नोंदी करत ते झालं नाही असा आक्षेप बऱ्याच अभ्यासकांनी घेतला आणि त्यावरून अमेरिकेतलं एक मोठं प्रदर्शन २०११ मध्ये थांबलं. मला तो आक्षेप योग्य वाटतो. वस्तू हाती आली, पण ती जहाजात नेमकी कुठे, कशाशेजारी होती ही माहिती गेली तर निम्मं खापर गेल्यासारखंच आहे.

५. गिऱ्हाईक शोधा

आता मुख्य पायरी. प्रत्येक भांड्यासमोर तीन प्रश्न विचारा: हा आकार कोणाच्या जेवणाचा? हा रंग कुठून आला? हे अक्षर कोणाचं?

आकारापासून सुरुवात करू. १४व्या शतकातल्या जिंगदेझेनच्या निळ्या-पांढऱ्या थाळ्यांतल्या काही ४० सेंटिमीटरपेक्षाही रुंद आहेत. चिनी माणूस लहान वाटीत जेवतो, त्याला इतकी मोठी थाळी कशाला? एका थाळीभोवती बसून सगळ्यांनी एकत्र जेवायची रीत पश्चिम आशियातली. दिल्लीच्या तुघलकांकडेही अशा थाळ्या होत्या. फिरोजशाह कोटल्यात त्या फुटक्या अवस्थेत सापडल्या आहेत. म्हणजे जिंगदेझेनचा कुंभार चाकावर माती ठेवतानाच परक्या पंगतीचा विचार करत होता.

रंगाची गोष्ट मला सगळ्यात जास्त भावते. ९व्या शतकात इराकमधल्या बसऱ्याच्या कुंभारांनी चिनी पांढऱ्या वाट्या पाहिल्या. त्यांच्याकडे पांढरी माती नव्हती आणि तितकी तापणारी भट्टीही नव्हती. त्यांनी आपल्या पिवळट मातीवर कथलाची अपारदर्शक पांढरी झिलई चढवली आणि त्या पांढऱ्यावर कोबाल्टने, म्हणजे निळा रंग देणाऱ्या खनिजाने, निळी फुलं काढली. चीनची नक्कल करता करता त्यांच्या हातून वेगळीच वस्तू झाली. पुढे १४व्या शतकात इराणकडचा कोबाल्ट जहाजांतून चीनला गेला आणि जिंगदेझेनच्या अस्सल पांढऱ्या पोर्सलीनवर निळं काम उमललं. तेच पुन्हा जहाजात बसून इराण, तुर्कस्तान, इजिप्तला आलं. तिथल्या कुंभारांनी पुन्हा त्याची नक्कल केली. मग डेल्फ्टच्या डच कारागिरांनी आणि त्यानंतर इंग्लंडच्या कारखान्यांनी. रेवदंड्याचा माझा तुकडा या साखळीची शेवटची कडी होता.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर युआन (मिंगच्या आधीचं घराणं) किंवा मिंगच्या सुरुवातीच्या निळ्या रेघेला भिंग लावा. रंग जिथे जाड पडलाय तिथे काळपट, किंचित खोलगट ठिपके दिसतील. त्या आयात कोबाल्टमध्ये लोखंड जास्त होतं, ते भट्टीत वर येऊन तसं दिसतं. पुढच्या काळात हेच ठिपके मुद्दाम रंगाचे टिंब देऊन नकलले गेले, तेव्हा ठिपके फार नीटनेटके, ओळीत मांडल्यासारखे असतील तर सावध व्हा.

आता अक्षरं. मिंग बादशहा झेंगदच्या काळातल्या (१५०६ ते १५२१) काही निळ्या-पांढऱ्या वस्तूंवर अरबी-फारसी मजकूर आहे, आणि तो नीट वाचता येतो. तिथून चांगशाच्या त्या अरबीसारख्या रेघा आठवून पाहा, मधलं अंतर कळेल. १६व्या शतकातल्या काही वाट्यांवर संस्कृत बीजाक्षरं आहेत, रंजना वळणाच्या लिपीत. देवनागरी येणाऱ्याला अशी वाटी समोर आली की क्षणभर वाचता येईल असं वाटतं. उभी रेघ आणि वरची शिरोरेघ ओळखीची असते. बौद्ध धर्मासोबत ही अक्षरं नेपाळ-तिबेटमार्गे तिकडे पोचली.

आणि एक आपल्या घरातला आकार. आग्नेय आशियात ‘केंडी’ नावाचं भांडं असतं: गोल पोट, वर मान, बाजूला तोटी आणि मूठ नाही. मानेला धरून तोंड न लावता वरून पाणी प्यायचं. हे नाव संस्कृत ‘कुंडिका’वरून आलेलं आहे. भिक्षूंच्या हातातलं पाण्याचं भांडं भारतातून निघालं आणि आग्नेय आशियात रुळलं. मग चिनी भट्ट्यांनी तिथल्या गिऱ्हाइकांसाठी पोर्सलीनच्या केंडी हजारोंनी केल्या. तांब्यातून वरून पाणी पिणाऱ्या आपल्या लोकांना ते भांडं कसं धरायचं हे शिकवावं लागणार नाही.

६. मग आपल्या किनाऱ्यावर या

हा क्रम मुद्दाम असा ठेवलाय. मी उलटा आलो म्हणून फसलो.

१०व्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी हा अरब प्रवासी सैमूरला, म्हणजे चौलला आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथले लोक तिथे वसल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याच सुमाराचा, ९२६ सालचा राष्ट्रकूटांचा ताम्रपट पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला मिळाला. संजाण मंडलाचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता, असं त्यातून कळतं. संजाण आपल्या हद्दीला लागून गुजरातेत आहे. २००२ ते २००४ दरम्यान तिथे उत्खनन झालं, त्यात पश्चिम आशियाई झिलईच्या खापरांसोबत चिनी खापरंही निघाली. म्हणजे बेलितुंगच्या जहाजासारखी जहाजं ज्या जाळ्यात फिरत होती, त्यात कोकणचा किनाराही होता.

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५५७ मध्ये मकावला बस्तान बसवलं, आणि मकाव-मलाक्का-गोवा-लिस्बन ही वाट नेमाची झाली. जुन्या गोव्यात चिनी पोर्सलीनचे तुकडे मिळतात ते या वाटेवरचे. युरोपातल्या घराण्यांनी आपली कुलचिन्हं चीनमध्ये थाळ्यांवर काढून घेतली, ती याच काळापासून.

दौलताबादला गेलात तर चिनी महालासमोर थांबा. हे नाव तिथल्या झिलईदार रंगीत फरशांवरून पडलं. फरशा चीनहून आलेल्या नव्हत्या. पण चकचकीत झिलई दिसली की तिला ‘चिनी’ म्हणायचं, इतका तो शब्द दख्खनेत मुरला होता. फारसीत पोर्सलीनला ‘फगफुरी’ म्हणतात, फगफूर म्हणजे चीनचा बादशहा. हिंदीतलं ‘मर्तबान’ म्यानमारच्या मर्तबान बंदराचं नाव घेऊन आलं, मोठे झिलईदार रांजण तिथून जहाजात चढत म्हणून. खापर हरवलं तरी शब्द असे उरतात, तेही वहीत टिपत जा.

मुंबईकरांना सगळ्यात सोपं ठिकाण म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली चिनी आणि जपानी भांडी तिथे आहेत. पारशी व्यापारी १८व्या शतकापासून चीनमधल्या कँटनला (आजचं ग्वांगझोउ) ये-जा करत होते. तिकडून गारा साड्यांचं भरतकाम आलं तशी पोर्सलीनची भांडीही आली. हा संग्रह हौसेने जमवलेला आहे, बंदरात उतरलेला रोजच्या वापराचा माल नाही, हा फरक लक्षात ठेवून पाहा. निवडक उत्तम वस्तू पाहून डोळा तयार होतो, पण किनाऱ्यावर सापडतं ते बहुतेक साधं, स्वस्त, घाईत केलेलं.

७. चिनी नसलेलं बाजूला काढा

आपल्याकडे मिळणाऱ्या तुकड्यांत हे चार प्रकार हमखास ‘चिनी’ म्हणून खपतात.

इंग्लंडचा छापील माल. ओळखायची खूण वर सांगितलीच: ठिपके, बारीक रेघा, नक्षीचा जोड. हा सगळ्यात जास्त दिसतो.

थायलंड, व्हिएतनाम, म्यानमारचा माल. मिंग दरबाराच्या बंदीमुळे चिनी मालाचा ओघ आटला तेव्हा या देशांच्या भट्ट्यांनी बाजार धरला. त्यांचं सेलाडॉन लोंगच्युआनची आठवण करून देतं. मातीचा रंग आणि बुडाची ठेवण पाहूनच फरक लागतो, आणि तो लागायला वर्षं जातात. वहीत ‘सेलाडॉन, चिनी की आग्नेय आशियाई हे ठरलं नाही’ असं लिहिण्यात कमीपणा नाही.

इराण-इराककडची निळसर-हिरवी झिलई. कड पाहा: माती पिवळट, सच्छिद्र, आणि थेंब लगेच शोषला जातो. पहिल्या पायरीतली कुंडी आठवा.

आणि विसाव्या शतकातल्या आपल्याच बरण्या, कपबश्या, विजेच्या खांबावरचे पांढरे इन्सुलेटर. शेवटचे तर समुद्रात घासून इतके गुळगुळीत होतात की भलेभले फसतात.

८. नोंद करा, उचलू नका

सापडलेली वस्तू आहे तिथेच ठेवून पट्टीसकट फोटो काढा: आतून, बाहेरून, कडेने आणि बुडाकडून. जागा, तारीख, भरतीची वेळ लिहा. काठाचा तुकडा असेल तर भांडं केवढं होतं तेही काढता येतं. कागदावर एकात एक अर्धवर्तुळं काढून न्या, दर सेंटिमीटरला एक. काठ कागदावर पालथा टेकवून, खालून फट दिसणार नाही असा धरा आणि कोणत्या वर्तुळाशी जुळतो ते पाहा. घरातल्या फुटक्या बशीवर आधी सराव करा, दहा मिनिटांत जमतं.

कायद्याचं थोडक्यात: संरक्षित किल्ल्यातून किंवा स्थळावरून काहीही उकरणं, उचलणं गुन्हा आहे. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी आजीच्या कपाटातली जुनी थाळी सामानात भरण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारावं. वस्तू पुरावस्तूत मोडत नसेल तर तसा दाखला मिळतो. विमानतळावर तोच कामी येतो.

किनाऱ्यावर एकाच जागी बरीच खापरं उघडी पडलेली दिसली तर स्थानिक पुरातत्त्व कार्यालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या विभागाला फोटो पाठवा. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या आसपास, लाटांनी कापलेल्या कडांमध्ये असे थर नव्याने दिसतात आणि पुढच्या पावसाळ्यात ते वाहूनही जातात. फोटोत एक नारळाचं झाड, विहीर किंवा देऊळ येऊ द्या, म्हणजे जागा परत सापडेल.